पाचोळ्याचे डोळे

४ फेब्रुवारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे, गॅलरीतली कुंडी मांजराने पाडली, आणि डॉक्टर म्हणतो माझा रक्तदाब वाढलाय. तू बरी असशील असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा धरून चालण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

खुशाली संपली. आता ऐक. मी तुझ्यावर भयंकर रागावलो आहे.

काल संचालकबाईंनी मला वर बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं, म्हणजे तू प्रकाशकाला लिहिलेल्या पत्राची नक्कल. त्यांच्या संपादिकेने ती ‘माहितीसाठी’ म्हणून संग्रहालयाला पाठवली. बाईंनी ती माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, समोरचा माणूस कपडे बदलत असल्यासारख्या. मी वाचलं. ‘पाचोळ्या या पक्ष्याच्या डोळ्यांचा रंग चित्रात चुकला आहे. चूक सर्वस्वी माझी. रंग निवडताना माझ्याकडून घाई झाली. संग्रहालयाचा यात काही दोष नाही.’

घाई! तुझ्याकडून! लहानपणी एक पेन्सिल निवडायला तुला इतका वेळ लागायचा की दुकानदार तुझ्यासाठी आधीच स्टूल काढून ठेवायचा. घुबडाच्या एका पिसावर तू तीन दिवस घालवलेस, मला माहीत आहे, कारण त्या तीन दिवसांत तुझी भाजी दोनदा करपली आणि दोन्ही वेळा तू मला फोन करून सांगितलंस. आणि तू लिहितेस, घाई झाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंसमोरच मी म्हणालो, “हे खोटं आहे.” त्या म्हणाल्या, “कुठलं वाक्य?” हा काय प्रश्न झाला? मी तडक खाली आलो.

कोणासाठी हा शरणागतीचा कागद? त्या फोटोवाल्या दाताच्या डॉक्टरसाठी? मी त्याचं परीक्षण पुन्हा वाचलं. एकशे बारा पक्ष्यांचं पुस्तक, जंगलातल्या झुडपांखाली राहणारे, कोणाच्या नजरेला न पडणारे पक्षी, त्यांची चित्रं काढायला तू सहा वर्षं दिलीस. त्यातल्या एकशे अकरा चित्रांबद्दल या गृहस्थाने दोन ओळी लिहिल्या, आणि एका पाचोळ्यावर दीड पान! ‘डोळे रक्तासारखे लाल रंगवले आहेत. प्रत्यक्षात ते दुधासारखे पांढरे असतात. चित्रकर्तीने हा पक्षी जिवंत कधी पाहिलाच नसावा.’

अरे, कोणी पाहिलाय? मुठीत मावेल एवढा जीव. रंग वाळक्या पानाचा, राहणं वाळक्या पानांत, खाणं वाळक्या पानांखालचे किडे. तो दिसला तर दिसला म्हणायचं, नाही तर पान हललं म्हणायचं. याने कमरेएवढ्या लांबीचा कॅमेरा घेतला, दवाखाना बंद ठेवून चार दिवस जंगलात बसला, म्हणून हा आता पक्ष्यांचा मामा झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि कॅमेऱ्याच्या झोतात कोणाचेही डोळे पांढरे दिसतील. माझ्या लग्नाच्या फोटोत माझेही दिसतात.

शिवाय नराचे लाल आणि मादीचे पांढरे असू शकतात. पिल्लांचे पांढरे आणि मोठ्यांचे लाल असू शकतात. ऋतूप्रमाणे बदलू शकतात. हे सगळं तू त्यांना विचारायला हवं होतंस. विचारलंस? नाही. मुकाट्याने मान पुढे केलीस.

लोकांना साधी गोष्ट ठाऊक नाही, ती तरी तू सांगायचीस. आमच्या कपाटातल्या पक्ष्याला डोळे नसतात. मी कातडं सोडवतो, आत कापूस भरतो, आणि डोळ्यांच्या जागी सुद्धा कापूसच भरतो. पिसांचा रंग शंभर वर्षं टिकतो. डोळ्यांचा काही तासांत जातो. तो राहतो फक्त पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर ‘डोळे : लाल’ असं होतं, तू लाल रंगवलेस. मग चूक तुझी कशी?

चिठ्ठीचं मी बघतो. त्यात तू पडू नकोस. चौतीस वर्षांत माझ्या हातून अकरा हजारांवर पक्षी गेले, पण चिठ्ठीवर कोणी बोट ठेवलेलं नाही. एकदाच एकीने ठेवायचा प्रयत्न केला, ती हीच संचालकबाई. नवीन आली तेव्हा हिने आमच्या खोलीत सूचना चिकटवली होती, आठवतं? ‘चिठ्ठीवर अंदाजाने काहीही लिहू नये. माहीत नसल्यास माहीत नाही असे स्पष्ट लिहावे.’ जन्मभर मी जे केलं ते मलाच शिकवायला निघाली! त्यावर मी पाच पानी तक्रार लिहिली होती, ती तुला फोनवर वाचूनही दाखवली होती. तू म्हणाली होतीस, “छान झालीय, पण पाठवू नकोस.” मी पाठवली.

जाता जाता एक. पुस्तकाच्या वेळी आपलं या पक्ष्याबद्दल फोनवर काहीतरी बोलणं झालं होतं असं वहिनी म्हणते. मला आठवत नाही. आणि त्याचा इथे काही संबंधही नाही.

आता नीट ऐक काय करायचं ते. दुसरा खंड, तो उंच झाडांवरच्या पक्ष्यांचा, तुझ्याकडून काढून घ्यायच्या गोष्टी चालल्या आहेत, हे मला बाहेरून कळलं. तू सांगितलं नाहीस. त्या खंडासाठी तू शाळेतली नोकरी सोडलीस, उत्तरेकडच्या खिडकीची ती खोली घेतलीस, आता दुसरं तुझ्या हातात काही नाही. त्यांची बैठक महिनाअखेरीला असते, म्हणजे वेळ आहे. ते पत्र मागे घे. लिही की मी चिठ्ठीप्रमाणे काम केलं. बस्स, एवढंच. पुढचं मी निस्तरतो.

अठ्ठावीसला माझा निरोप समारंभ. कार्यक्रमपत्रिका छापून आली. वर ठळक अक्षरांत ‘अचूकतेची चौतीस वर्षे’ आणि खाली तुझं भाषण, दहा मिनिटं. मला वाटलं होतं तू आनंदाने येशील. आता तू तिथे उभी राहशील आणि लोक कुजबुजतील, हीच ती, लाल डोळेवाली. मला ते सहन होणार नाही. म्हणून तरी पत्र मागे घे.

तुझा,
रागावलेला दादा

ता. क. वहिनी विचारतेय, जेवतेस ना वेळेवर?

११ फेब्रुवारी

धाकटे,

मी सात पानं लिहिली. तुझं उत्तर एका कार्डावर, तीन वाक्यांचं. ‘दादा, पत्र मागे घेणार नाही. अठ्ठावीसला येते. चिठ्ठीवरची शाई एकदा पाहा.’

ना आशीर्वादाची पोच, ना वहिनीच्या गुडघ्याची चौकशी. शाई पाहा म्हणे! मोठ्या भावाला असं लिहितात? मी कार्ड फाडणार होतो. वहिनीने हातातून काढून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, “मग पाहिलीत का?”

“काय?”

“शाई.”

“पाहायचं काय त्यात? शाई ती शाई.”

“मग एवढे ओरडताय कशाला?”

या घरात मला कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तीन नंबरचं कपाट उघडलं, सातवा खण ओढला. पाचोळ्या एकच आहे आमच्याकडे. पाठीवर निजलेला, पाय जुळवलेले, पायाला चिठ्ठी. मी भिंग घेतलं. खरं सांगायचं तर भिंगाची गरज नव्हती. चिठ्ठी न बघताही मला माहीत होतं तिथे काय आहे. माहीत नसतं, तर पहिल्या दिवशीच खण उघडला नसता का?

ठिकाण, तारीख, कोणी पाठवला, वजन, लांबी, सगळं काळ्या शाईत. ‘लाल’ हा एकच शब्द निळ्या शाईत.

तू चित्रकार आहेस, तुला ते पहिल्या दिवशीच दिसलं असणार. मी मूर्ख, मला वाटलं दोन अक्षरं आहेत, कोण बघतंय.

सांगतो. पक्षी सकाळी आला होता. जंगलातल्या विश्रामगृहाच्या मोठ्या काचेवर आपटून पडलेला. तिथल्या वनरक्षकाने कागदात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात घालून सकाळच्या गाडीने पाठवला. ताजा होता, मान अजून मऊ होती. आमचा नियम काय? वजन-मापं झाली की लगेच पापणी उघडायची, रंग बघायचा, लिहायचा, मग बाकी सगळं. मी वनरक्षकाच्या कागदावरून ठिकाण, तारीख आणि त्याचं नाव लिहिलं, वजन आणि लांबी मोजून लिहिली, आता पापणी उघडणार एवढ्यात शिपाई आला आणि भिंतीवर ती सूचना चिकटवून गेला.

हो. तोच दिवस. अंदाजाने काहीही लिहू नये.

माझं डोकं सटकलं. पक्षी तसाच टेबलावर राहिला आणि मी तक्रार लिहायला बसलो. पाच पानं. चिठ्ठ्यांच्या काळ्या शाईतच लिहिली, कारण ती कधी पुसली जात नाही, आणि माझं म्हणणंही पुसलं जाऊ नये अशी माझी इच्छा होती. चौथ्या पानावर दुपारचा चहा आला, तो गार झाला. पाचव्या पानाच्या शेवटी दौत संपली. मी तक्रार वर देऊन आलो, इतरांना वाचून दाखवली, तुला फोन केला आणि समाधानाने घरी गेलो.

सकाळी आलो तेव्हा पक्षी टेबलावर होता. वास यायला लागला नव्हता, कातडं सुटलं. पण डोळे गढूळ झाले होते, उकडलेल्या माशासारखे. काही म्हणजे काही कळत नव्हतं. चिठ्ठीवर ती एकच जागा कोरी. तिथे लिहायचं काय? ‘माहीत नाही’. दोन शब्द. वर भिंतीवर तेच शब्द छापलेले, मोठ्या अक्षरांत, त्या बाईच्या सहीने. कालच मी तिला लिहून दिलं होतं की चौतीस वर्षांत (तेव्हा एकतीस) हे दोन शब्द लिहायची वेळ माझ्यावर आलेली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मी ते लिहू?

शेजारच्या खणात याच्याच कुळातला दुसरा पक्षी होता, तसाच तपकिरी, थोडा मोठा. त्याच्या चिठ्ठीवर लाल होतं. मी कारकुनाकडून निळं पेन मागून घेतलं.

आता फोनचं. मला आठवतं. शब्द न् शब्द आठवतो, आणि तुलाही आठवतो हे मला माहीत आहे. तू विचारलंस, “दादा, लाल निळ्या शाईत का आहे? नक्की लालच ना?” आणि मी म्हणालो, “तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी पक्षी हाताळतोय. तू रंग भर.” हे खरंही नव्हतं. तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनीच लहान आहेस आणि तू जन्मलीस तेव्हा मी फक्त चिमण्यांना दगड मारत होतो. वहिनी तिथेच भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “साधा प्रश्न विचारला पोरीने.” मी म्हणालो, साधे प्रश्न विचारूनच लोक डोक्यावर बसतात.

म्हणजे तू विचारलंस. मी दरडावलं. तू ऐकलंस. आणि आता चूक सर्वस्वी तुझी!

हे वाचून मी शांत झालोय असं समजू नकोस. उलट जास्त रागावलोय. तुला कोणी सांगितलं मला पाठीशी घालायला? मी दादा आहे. पाठीशी मी घालायचं, तू नाही. तुला वाटलं, म्हातारा अठ्ठावीसला जातोय, घड्याळ घेऊन, टाळ्या घेऊन जाऊ दे बिचाऱ्याला. म्हणजे माझ्या टाळ्यांसाठी तू आपले हात तोडून दिलेस, आणि मला विचारलंही नाहीस! हा माझा अपमान आहे. चौतीस वर्षांत माझा एवढा अपमान कोणी केलेला नाही, संचालकबाईनेही नाही.

वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चोराच्या उलट्या बोंबा.” मी म्हणालो, “बरोबर.” तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द तिने माझ्या तोंडून प्रथमच ऐकला असावा.

उद्या मी बाहेरगावी जातोय, चार-पाच दिवस. कुठे ते विचारू नकोस. बैठकीला अजून दोन आठवडे आहेत. प्रकाशकाला मी लिहिणारच आहे, पण हात हलवत नाही लिहिणार. त्या दातवाल्याने ‘जिवंत कधी पाहिलाच नसावा’ असं म्हटलंय ना, त्याचं उत्तर घेऊनच लिहीन.

दादा

१९ फेब्रुवारी

धाकटे,

मी जंगलात जाऊन आलो. त्याच विश्रामगृहात राहिलो. ती काच अजून आहे, आता तिच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात.

वनरक्षक तोच होता, पाचोळ्या पाठवणारा. माझ्या वयाचा, सडपातळ, पायात रबरी बूट. मी आपली ओळख करून दिली, चौतीस वर्षं, अकरा हजार पक्षी वगैरे. तो म्हणाला, “साहेब, आधी बसा. आणि बोलू नका.”

मी! बोलू नका!

पहिल्या दिवशी आम्ही एका ओंडक्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. मला डासांनी खाल्लं, पाठ धरली, जळवा मोज्यात शिरल्या. पक्षी नाही. मी तीन वेळा बोललो आणि तिन्ही वेळा त्याने नुसतं बोट ओठांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी एकदाच बोललो. पक्षी नाही. रात्रभर पाठ शेकत पडलो आणि मनातल्या मनात त्या डॉक्टरला शिव्या दिल्या, मग ध्यानात आलं की याच ओंडक्यावर तो चार दिवस बसला होता, आणि मी शिव्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी बोलावंसं वाटलंच नाही. अंग दमलं होतं. समोर दोन हातांवर वाळक्या पानांचा ढीग होता. एक पान उलटलं. वारा नव्हता. दुसरं उलटलं, आणि त्याच्या मागून तो बाहेर आला.

किती लहान असतो गं तो! माझ्या टेबलावर आला तेव्हा मी त्याला सोळा ग्रॅम म्हणून ओळखत होतो. इथे तो एका कोळ्याला पानाखालून ओढत होता, शेपूट वर, पाय रोवून, कपाट सरकवणाऱ्या माणसासारखा. कोळी निघाला, त्याने खाल्ला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पांढरे. दुधासारखे. मध्ये काळा ठिपका. झोत नाही, कॅमेरा नाही, नर-मादी, ऋतू, काही नाही. मागून दुसरा आला, त्याचेही पांढरे.

माझ्या तोंडून आवाज निघाला असणार, कारण दोघं भुर्रकन गेले. वनरक्षक म्हणाला, “काय झालं?”

“डोळे पांढरे आहेत.”

“मग! पांढरेच असतात. आम्हाला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

धाकटे, बर्फाच्या डब्यासोबत दर वेळी त्याचा कागद येतो. त्यावर त्याचा फोन नंबर असतो. चौदा वर्षं येतोय. मी त्याला एकदाही फोन केलेला नाही.

‘हा पक्षी जिवंत कधी पाहिलाच नसावा.’ हे वाक्य मला इतकं का झोंबलं ते मला तिथे ओंडक्यावर कळलं. ते तुझ्याबद्दल नव्हतंच. चौतीस वर्षं मी पक्ष्यांच्यात काढली, पण माझ्याकडे ते नेहमी निजलेलेच आले.

परत आलो तो घरी न जाता सरळ संचालकबाईंकडे गेलो. बूट चिखलाचे होते. उभ्यानेच सगळं सांगितलं, सूचना, तक्रार, दौत, निळं पेन, तुझा फोन. मला वाटलं आता ती म्हणेल, बघा, मी लिहिलं होतं. ती म्हणाली, “शाई मलाही दिसली होती. तुमच्याकडून ऐकायचं होतं.” मग तिने खुर्ची पुढे केली. मी बसलो. एवढ्या वर्षांत तिच्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो.

जुनी चिठ्ठी आम्ही फाडत नाही, खोडतही नाही, तेवढा नियम तुला ठाऊक आहे. चुकलं असेल तर दुसरी चिठ्ठी शेजारी बांधायची. मी लिहिली, काळ्या शाईत. ‘डोळे लाल हे चूक. पक्षी एक दिवस टेबलावर पडून राहिला, डोळे वेळेत पाहिले नाहीत, रंग अंदाजाने लिहिला. जिवंत पक्ष्याचे डोळे पांढरे, स्वतः पाहिले.’ खाली पूर्ण सही. ती शाई पुसली जात नाही. आपण दोघं जाऊ, ती चिठ्ठी राहील.

मग मी प्रकाशकाच्या संपादिकेला फोन केला. लिहिण्यापर्यंत दम निघेना. सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “हे आधी कळायला हवं होतं. बैठक दहा तारखेला झाली. दुसऱ्या खंडाचा करार झाला. दुसऱ्या चित्रकाराशी.”

दहा तारखेला.

बैठक महिनाअखेरीला असते हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मी धरून चाललो होतो. चार तारखेला मी तुला सात पानं लिहिली. त्याऐवजी त्यांना दोन ओळी लिहिल्या असत्या, की चिठ्ठी माझी, चूक माझी, तर सहा दिवस हातात होते. पण मी रागावलेलो होतो. रागाच्या भरात पक्षी पुन्हा टेबलावर राहिला. बैल गेला आणि झोपा केला, तोही दोनदा. आणि दुसऱ्या वेळी टेबलावर तू होतीस.

संपादिका म्हणाली, पहिल्या खंडाच्या पुढच्या आवृत्तीत पाचोळ्याचं चित्र बदलतील, आणि चूक संग्रहालयाची होती असं छापतील. मी म्हटलं, संग्रहालयाची नाही, माझी छापा. पण यातून तुझी खोली, तुझी सहा वर्षं परत येत नाहीत, एवढं मला कळतं.

अठ्ठावीसचा कार्यक्रम मी बदलायला सांगितलाय. ‘अचूकतेची’ हा शब्द काढा म्हटलं. पत्रिका छापून झाल्यात म्हणे, तर मग लोकांना हातात तोच कागद देऊन मी आधी उभा राहीन आणि हे सगळं सांगेन. लोकांनी मग हवं तर घड्याळ द्यावं. वहिनी म्हणाली, “सांगाल ना नक्की? की ऐन वेळी दुसऱ्या कोणावर घसराल?” तिला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे, माझ्याकडे बघत राहायला.

एक गोष्ट तीन दिवसांपासून डोक्यातून जात नाही. तू सातवीत असताना चित्राच्या बाईंनी तुझ्या कावळ्याला शून्य दिलं होतं, पायाची बोटं चुकली म्हणून. बोटं बरोबर होती. मी शाळेत जाऊन एवढा तमाशा केला की मुख्याध्यापक बाहेर आले. घरी येताना मी अजून फणफणत होतो आणि तू म्हणालीस, “दादा, मी दुसरा कावळा काढते.” मला तेव्हा वाटलं, काय गरीब पोर आहे. तुला राग येतच नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. आज वाटतं, यायला जागाच कुठे होती? आपल्या घरातला सगळा राग मी एकट्यानेच वापरून टाकला. तुझ्या वाटणीचासुद्धा.

म्हणून आता एक मागतो. समजूतदारपणाचं कार्ड पाठवू नकोस. ‘होतं असं, दादा’ लिहू नकोस. माझ्यावर रागाव. चांगली रागाव, पाच पानं, सात पानं, दौत संपेपर्यंत. फोन करून ओरडलीस तरी चालेल, मी मध्ये बोलणार नाही, बोलायचं नाही ते मला आता येतं. आणि अठ्ठावीसला यायचं नसेल तर येऊ नकोस. आलीस तर तुझी दहा मिनिटं तुझीच आहेत. जे वाटतं ते बोल. माझ्याबद्दल चांगलं काही ठाऊक नसेल, तर अंदाजाने काही सांगू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी उतरवून घेतलंय. ते तुझं नव्हतंच, चुकून तुझ्याकडे गेलं होतं. खाली सहीच्या वर लिहितोय, त्याच्या खऱ्या जागी.

चूक सर्वस्वी माझी.

दादा